खतीबचाचांचा ‘मी’

दुपारी कोर्ट सुटलं की खतीबचाचा आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरायचे आणि कोणी ओळखीचं भेटलं की अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "आज सकाळी सकाळीच मी बायकोला सोडली. मग एका दुकानाचं शटर फोडलं. आणि उठता उठता मालकावर पगाराचा दावा ठोकला." लिफ्टमध्ये एखादा नवा भाडेकरू असला तर तो दचकून कोपऱ्यात सरकायचा. आम्हा जुन्यांना सवय होती. मी विचारायची, "शटरचं काय झालं मग?" ते मान हलवायचे. "नाकबूल केलं गो. पण न्यायाधीशांना पटलेलं दिसलं नाय."

खतीबचाचा कोर्टात दुभाषे होते. हिंदी, उर्दू, मराठी बोलणारा कोणीही समोर उभा राहिला की त्याचं बोलणं अरबीत न्यायाधीशांना सांगायचं आणि न्यायाधीशांचं त्याला. बाकीचे दुभाषे ‘हा म्हणतो की यानं चोरी केलेली नाही’ असं सांगत. चाचा सरळ म्हणत, ‘मी चोरी केलेली नाही.’ एकदा मी त्यांना त्याचं कारण विचारलं. म्हणाले, "‘हा म्हणतो’ असं म्हटलं की आपण त्या माणसापासून एक पाऊल लांब सरकतो. न्यायाधीशाला वाटतं, दुभाष्यालाच खरं वाटत नाय, मग मी कशाला ऐकू? त्या पिंजऱ्यातला माणूस एकटा असतो पोरी. घडीभर त्याचा आवाज व्हायचं, बस. आपलं मत घरी ठेवून जायचं."

बाणकोटच्या खाडीकाठी त्यांचं गाव. वडील उर्दू शाळेत मास्तर, अरबी त्यांच्याकडूनच शिकलेले. संयुक्त अमिरातींचा देश झाला त्याच सुमारास चाचा बोटीनं तिकडे गेले आणि नव्यानं उभ्या राहणाऱ्या कोर्टात लागले. "हा देश आणि मी एकदमच नोकरीला लागलो," असं ते सांगत. नव्वदीच्या दशकात आम्ही तिथे गेलो तोवर त्यांचे केस पिकले होते. राखाडी सफारी, कडक इस्त्री, खिशात अत्तराची इवलीशी कुपी. स्वतःच्या अरबीचा त्यांना भारी अभिमान होता आणि तो ते अजिबात लपवत नसत. टीव्हीवरच्या बातमीदाराच्या चुका काढत बसायचे. त्यांच्या बायकोला, अमिनाखालांना, ते ऐकून ऐकून कंटाळा आलेला. "अवो, तो बातम्या देतो, परीक्षा नाय," असं म्हणून त्या टीव्ही बंद करायच्या.

आमची ओळख सईमुळे झाली. माझी ही मुलगी तेव्हा बालवर्गात होती आणि मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर द्यायची. मी जिन्यात तिच्या मागे डबा घेऊन धावत होते आणि ती ओरडत होती, "आय डोन्ट वॉन्ट इट!" वरून उतरणारे चाचा थांबले, हात मागे बांधले आणि कोर्टातल्यासारखं मला म्हणाले, "मला हे नको आहे." मग तिच्याकडे वळून, "मॅडम आस्क्स, व्हाय?" सई इतकी चकित झाली की तिनं मुकाट्यानं कारण सांगितलं. भेंडी चिकट होती. त्या दिवसापासून घरात भांडण झालं की ती म्हणायची, "कॉल चाचा."

मी ज्या अमिरातीत राहत होते तिचं नाव सांगत नाही. पुढे जे घडलं त्यातली माणसं अजून तिथे असतील. तिथली कोर्टं फेडरल होती, एवढं सांगणं पुरे. म्हणजे काय, हे मला चाचांनीच शिकवलं, त्यांच्या घरी शुक्रवारची सांदणं खाता खाता. "सात अमिराती, पण कोर्टांची चूल एक नाय. दुबई वेगळी रांधते, रास अल खैमा वेगळी. बाकीच्यांची चूल एकत्र. दुबईत गाडी ठोकलीस तर दुबईतच काय तो निकाल, खलास. इथे ठोकलीस तर भांडत भांडत अबुधाबीपर्यंत जाशील."

"आणि अबुधाबीला काय?"

"तिथे सगळ्यात वरचं कोर्ट. आता नीट ऐक. पहिलं कोर्ट विचारतं, काय झालं? दुसरं, म्हणजे अपिलाचं, विचारतं, पुन्हा सांग बघू, काय झालं? तिसरं ‘काय झालं’ हे विचारतच नाय. ते खालच्या दोघांना विचारतं, तुम्ही नीट ऐकलंत का?"

मी हसले होते. मला ते तेव्हा नुसतं सांदणाबरोबरचं बोलणं वाटलं.

माझा नवरा श्रीकांत एका बांधकाम कंपनीत साइट इंजिनियर होता. गोदामाच्या भिंतीचं काम चाललं होतं. वाळूचं वारं सुटलं होतं आणि त्यात बाहेरची परांची हलली होती. सकाळी श्रीकांतनं सगळ्यांसमोर सांगितलं, आडवे पाइप पुन्हा आवळल्याशिवाय कोणी वर चढायचं नाही, आणि तो दुसऱ्या साइटवर गेला. तो नसताना मॅनेजरचा फोन आला की भिंत आजच पुरी झाली पाहिजे. माणसं चढली. परांची कोसळली. करीमनगरकडचा नरसय्या नावाचा गवंडी खाली सापडला. श्रीकांत परत आला तेव्हा तो जिवंत होता. श्रीकांतनं त्याला उचलून पिकअपमध्ये घातलं आणि दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत तो गेला.

त्याच रक्तानं भरलेल्या शर्टानं श्रीकांत पोलीस चौकीत बसला. काय झालं म्हणून विचारलं तेव्हा त्याच्या तोंडून निघालं, "मेरे हाथ से आदमी गया." आणखीही तो बोलला, पण त्याचं त्यालाच नंतर आठवेना. चौकीतल्या कोणा हिंदी जाणणाऱ्यानं ते अरबीत सांगितलं, ते लिहिलं गेलं, खाली श्रीकांतनं सही केली. मॅनेजरनं जबाब दिला की परांचीची जबाबदारी इंजिनियरची. श्रीकांतवर निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याचा आरोप आला, पासपोर्ट कोर्टात जमा झाला.

मी खतीबचाचांकडे धावले. एवढ्या मोठ्या परक्या शहरात कोर्टात आपला म्हणावा असा एकच माणूस होता. म्हटलं, "चाचा, त्यांच्या बाजूला तुम्ही उभे राहा. तुम्ही नुसतं नीट सांगितलंत तरी न्यायाधीशांना कळेल तो कसा माणूस आहे."

चाचांनी माझ्याकडे बघितलं नाही. "मी कालच मुख्य कारकुनाला सांगितलं," ते म्हणाले. "हा माझा शेजारी आहे, ह्याची पोर माझ्या घरात वाढते, ह्या प्रकरणात मला घालू नका."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा मी ओरडलेच. "म्हणजे परक्यांसाठी रोज ‘मी’ म्हणता, आणि आमच्यासाठी नाही?"

"तुम्ही जिंकलात तर लोक म्हणतील शेजाऱ्यानं जिंकवलं," ते म्हणाले. "आणि तो निकाल टिकायचा नाय. दुसरं म्हणजे, मी त्याचं बोलणं सांगायला लागलो तर मला मोह होईल. एखादा शब्द गोड करीन. आजवर केला नाय. आता ह्या वयात करणार नाय."

मी दार लावून घरी आले. मला त्यांचं म्हणणं मुळीच पटलं नव्हतं. नंतर अमिनाखाला रोज सईला शाळेतून आणून जेवू घालत, मी परतले की तिला दारात सोडत, आणि आम्ही दोघी एकमेकींशी दोन शब्दांपलीकडे बोलत नव्हतो.

पहिल्या कोर्टात कंपनीनं दिलेला वकील होता. त्याचं लक्ष कंपनीकडे होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. निकाल लागला: एक वर्ष कैद, आणि ती भोगून झाल्यावर देशाबाहेर. आरोपीनं चौकीत कबुली दिलेली आहे, आणखी साक्षीची गरज नाही, असं कारण. श्रीकांत सारखा म्हणत होता, "कसली कबुली? मी कबूल काय केलं?" अपिलाची मुदत होती म्हणून तो जामिनावर घरी होता.

त्या संध्याकाळी चाचा स्वतः आमच्याकडे आले. बूट काढले, पाणी मागितलं, आणि श्रीकांतसमोर बसले. "ह्या प्रकरणात मी आता कोर्टाचा माणूस नाय, नुसता शेजारी आहे. तेवढ्याचसाठी बाजूला झालो. श्रीकांतराव, चौकीत काय बोललात? आता त्याचा अर्थ सांगू नका. त्या दिवशी जसं तोंडातून आलं तसंच सांगा."

श्रीकांतनं डोळे मिटून तो दिवस आठवला. मग म्हणाला, "मेरे हाथ से आदमी गया."

चाचांनी पेला खाली ठेवला. "या अल्ला," ते म्हणाले.

मला काहीच कळेना. चाचांनी समजावलं. "आपण मराठीत म्हणतो ना, माझ्या हातून माणूस गेला. डॉक्टर म्हणतो, सुईण म्हणते. वाचवायला गेलो, वाचला नाय. तेच ह्यांनी हिंदीत म्हटलं. पण अरबीत कोणी शब्दाला शब्द लावला तर होतं, तो माणूस माझ्या हातानं मेला. न्यायाधीशानं कबुलीच वाचली पोरी. त्याचा काय दोष?"

मग ते उठले. "मी वकील नाय. जास्त बोलणार नाय. दुसरा वकील करा. त्याला सांगा, हे भाषांतर कोणी केलं ते विचार, आणि कोर्टाकडे शपथेचा दुभाषा माग. कोणताही. मी सोडून."

आम्ही उस्मान नावाचे सुदानी वकील केले. सावकाश बोलणारे, फार सभ्य. त्यांनी अपिलात हेच मांडलं, आणि दशरथ नावाच्या मजुराची साक्ष घ्यावी अशीही विनंती केली. दशरथ गोरखपूरकडचा, श्रीकांतनं वर चढायला मनाई केली तेव्हा तो शेजारीच सिमेंट कालवत होता. पण अपिलाच्या कोर्टात आमचं प्रकरण पुकारलं गेलं आणि बघता बघता संपलं. शिक्षा कायम. श्रीकांतला तिथूनच नेलं. जाताना तो मागे वळून म्हणाला, "सईला सांग, साइटवर गेलोय." बास, एवढंच.

घरी आल्यावर मी जिन्यातच बसले. चाचा दुपारची, जुहरची नमाज पढून येत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. ते एकदम खाली वाकले.

"दुभाष्याच्या मागणीवर काय म्हणाले?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे? मागणी फेटाळली?"

"फेटाळली पण नाही. उस्मानसाहेब म्हणाले, निकालात तिचा उल्लेखच नाही."

"अल्हम्दुलिल्लाह!" चाचा इतक्या मोठ्यानं म्हणाले की वरच्या मजल्यावरचं दार उघडलं. मला वाटलं, ह्यांचं डोकं फिरलं. माझा नवरा तुरुंगात गेला आणि हे देवाचे आभार मानताहेत.

"ऊठ. रडू नको. अगो, कारण देऊन फेटाळली असती तर वरच्या कोर्टाला म्हणता आलं असतं, ह्यांनी ऐकलं आणि पटलं नाय, आम्ही काय करणार. पण उत्तरच दिलं नाय! म्हणजे ऐकलंच नाय. अबुधाबी हेच तर विचारते!"

त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते आता सांगण्यात अर्थ नाही. मी शाळेतली नोकरी करत होते. भेटीच्या दिवशी चाचा मला आणि सईला तुरुंगाच्या फाटकापर्यंत त्यांच्या जुन्या गाडीतून सोडत आणि बाहेर गाडीत बसून राहत. एकदाच मी चिडून म्हटलं, "तुमचं हे कोर्ट, हा कायदा, सगळा वेळकाढूपणा आहे." ते रागावले नाहीत. "वेळ लागतो खरा," म्हणाले. "मी गावात एका झटक्यात होणारे न्याय पण बघितलेत. जो मोठ्यानं ओरडेल त्याचा. इथे तीन जिने आहेत. दम लागतो. पण जिना आहे गो, हे विसरू नको."

अबुधाबीच्या तारखेला चाचांनी रजा टाकली. वाळवंटातल्या त्या सरळ रस्त्यानं आम्ही गेलो, उस्मानसाहेब पुढे आणि मी मागे. मला वाटलं होतं, तिथे श्रीकांतला आणतील, मी रडेन, कोणीतरी मला काही विचारेल. तसलं काही नव्हतं. थंडगार, शांत दालन. समोर न्यायाधीशांची रांग, पुढ्यात कागद. साक्षीदार नाहीत, पिंजऱ्यात कोणी नाही. चाचा कुजबुजले, "इथे माणूस आणत नाहीत. इथे निकालालाच उभा करतात." मग निकाल वाचला गेला. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. मी चाचांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि तो चेहरा दगडासारखा होता, कारण कोर्टात चेहरा हलवायचा नसतो अशी त्यांची उभ्या जन्माची शिस्त.

बाहेर पार्किंगमध्ये, भर उन्हात, त्यांनी हात मागे बांधले. आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं भाषांतर त्यांनी मला सांगितलं. "आम्ही हा निकाल रद्द करतो. आरोपीनं बचावाचा एक मुद्दा मांडला. तो असा होता की त्यानं खटल्याचं तोंड फिरलं असतं. खालच्या कोर्टानं त्याला उत्तर द्यायला हवं होतं. ते दिलेलं नाही. म्हणून हे प्रकरण आम्ही परत पाठवतो. दुसऱ्या न्यायाधीशांनी ते नव्यानं ऐकावं."

"म्हणजे सुटले?"

"नाय. अजून नाय." आता मात्र त्यांनी मागे बांधलेले हात सोडले. "पण आता ऐकतील."

थोड्याच दिवसांत श्रीकांत जामिनावर घरी आला. बारीक झालेला, फार हळू बोलणारा. नव्या सुनावणीला एक वयस्क इजिप्शियन न्यायाधीश मध्ये बसले होते. शपथेवर दुभाषा होता एक हैदराबादी गृहस्थ. आमची आणि त्यांची ओळखदेख नव्हती. न्यायाधीशांनी श्रीकांतला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग दुभाष्याला विचारलं, तुमच्याकडे हे कधी म्हणतात? त्या गृहस्थांनी सांगितलं, माझी आजारी बहीण माझ्या मांडीवर गेली तेव्हा मी हेच म्हटलं होतं. मग दशरथ आला. त्याच्या कंपनीला ही साक्ष आवडणार नव्हती हे त्याला पक्कं माहीत होतं. तरी तो मान ताठ ठेवून म्हणाला, "साहब ने मना किया था. फोन बाद में आया. नरसय्या मेरे साथ का था, मैं झूठ नहीं बोलूँगा." न्यायाधीशांनी दुभाष्याबद्दल काही हरकत आहे का विचारल्यावर सरकारी वकिलानं नकारार्थी मान हलवली. हरकत घ्यायला जागाच नव्हती. तेव्हा मला लख्ख समजलं की त्या जागी चाचा असते तर काय झालं असतं.

श्रीकांत निर्दोष सुटला. मॅनेजरची वेगळी चौकशी सुरू झाली. तिचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही. चाचा तेव्हा शेजारच्याच दालनात कोणा दुसऱ्याच्या खटल्यात उभे होते. मधल्या सुटीत बाहेर आले, आम्हाला बघितलं, श्रीकांतला मिठी मारली आणि लगेच आत गेले. पुढचं नाव पुकारलं होतं.

संध्याकाळी मी आणि श्रीकांत पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बॉक्सवर हात ठेवला, उघडू दिला नाही. "तुम्ही सुटलात पोरी, मला आनंद आहे. माझ्या घरात आज ईद आहे. पण तो नरसय्या सुटला नाय. त्याच्या नावाचा पेढा कसा वाटायचा?" आम्हाला ते लागलं नाही, उलट तुरुंगातही कधी न भरलेले श्रीकांतचे डोळे त्या दिवशी भरून आले. नरसय्याच्या घरच्यांना विम्याची भरपाई मिळाली होती. तरी पुढच्या सुटीत श्रीकांत करीमनगरकडच्या त्या गावी जाऊन आला. तिथे नरसय्याच्या आईनं त्याला विचारलं, शेवटी माझ्या पोराजवळ कोणी होतं का? श्रीकांत म्हणाला, मी होतो. ती म्हणाली, मग ठीक.

आम्ही अजून काही वर्षं त्याच इमारतीत राहिलो. चाचा दोन हजार सालानंतर निवृत्त झाले आणि गावी परतले. निरोप द्यायला विमानतळावर निम्मी इमारत लोटली होती. सई तोवर मोठी झाली होती, तिनं मराठीत सांगितलं, "चाचा, जाऊ नका." ते म्हणाले, "हरकत नोंदवली आहे. पण निकाल कायम." आणि भराभर आत गेले.

ते वारल्याचं आम्हाला फोनवर कळलं. पुढच्या मे महिन्यात आम्ही बाणकोटच्या बाजूला गेलो. अमिनाखाला ओटीवर बसल्या होत्या. खूप बोलल्या. मग उठता उठता म्हणाल्या, "एक सांगू? तू त्या दिवशी दार लावून गेलीस ना, तवा हे जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला म्हणाले, अमिना, त्या पोरीनं माझ्याकडे एकच मागितलं आणि मी नाय म्हटलं. मी बरोबर आहे मला ठाऊक आहे. पण अल्ला, तिचा माणूस सुटेपर्यंत मला झोप देऊ नको. आणि नाय झोपले गो. तो सुटला त्या दिवशी रात्रीची नमाज झाल्या झाल्या झोपले ते दुसऱ्या दिवशी दुपारी उठले. मी घाबरले होते."

एवढी वर्षं मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

श्रीकांत त्यांच्या पुतण्याबरोबर कब्रस्तानात गेला. बायका आत जात नाहीत, म्हणून मी बाहेर दगडी गडग्यापाशी थांबले. आत चिऱ्याची साधी कबर, वर कोणी लावलेलं तुळशीसारखं सब्जाचं रोप. फातिहाची दुआ मला येत नाही. मी गडग्याबाहेरूनच दोन्ही हात जोडले आणि श्रीकांत परत येईपर्यंत तसेच ठेवले.